‘कॅरेक्टर काउंटर’मधल्या कॅरेक्टरला मराठीत काय म्हणायचं?

वेलांटी:
जाहिरातीचा आणि वेबसाइटचा मजकूर लिहिणाऱ्यांना उपयोगी पडणाऱ्या ऑनलाइन साधनांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘टूल’ला साधन केलं, ‘कीवर्ड’ तसाच ठेवला, तिथवर ठीक चाललं होतं. ‘कॅरेक्टर काउंटर’पाशी, म्हणजे मजकुराची लांबी मोजणाऱ्या साधनापाशी, गाडी अडली. पहिल्या खर्ड्यात मी ‘अक्षरगणक’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ‘अक्षर’ खोडून ‘वर्ण’ केलं. म्हणून एक मथळा घेऊन मोजूनच पाहिलं: ‘स्त्रियांच्या स्वास्थ्यासाठी’. बोटांवर मोजली तर अक्षरं सात: स्त्रि, यां, च्या, स्वा, स्थ्या, सा, ठी. शाळेत शिकवल्याप्रमाणे फोड करून वर्ण मोजले, अनुस्वार धरून एकवीस भरले. साधनाने आकडा दाखवला २८. आता हे २८ नेमके कशाचे, ते सांगा. शब्द त्यावरून ठरवू.

कानामात्रा:
अक्षरच लिहा. ‘एसेमेस १६० अक्षरांचा असतो’ असंच आपण म्हणत आलो. वाचणाऱ्याला कळतं, मग घोळ कशाला?

पायमोडका:
कानामात्रा, तुमच्याच उदाहरणात मोठी अडचण आहे. ते १६० रोमन लिपीला लागू. देवनागरीत एक शब्द जरी टाकला तरी मर्यादा ७० वर येते, कारण तिथे साठवणुकीची पद्धतच बदलते. आणि त्या ७० मध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं स्वतंत्र धरलं जातं. वेलांटीताईंचे २८ तेच आहेत. ‘स्त्रि’मध्ये स, पायमोड, त, पायमोड, र, वेलांटी असे सहा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या साठवायच्या जागतिक मानकात, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक. त्यामुळे अक्षर नाही आणि वर्ण तर मुळीच नाही. ‘घर’ घ्या: अक्षरं दोन, वर्ण चार, साधनाचा आकडा दोन. ‘स्त्री’ घ्या: अक्षर एक, वर्ण चार, आकडा सहा. वर्ण कधी जास्त भरतात, कधी कमी. माझं मत ‘चिन्ह’ला. चिन्हसंख्या, चिन्हमर्यादा.

बोरू:
‘चिन्ह’ म्हटलं की डोळ्यांपुढे विरामचिन्हं येतात. मुलाला ‘क’ गिरवायला लावताना आपण अक्षर गिरवायला लावतो. ‘क’ला चिन्ह म्हणायला माझी जीभ वळणार नाही. आणि ‘काउंटर’ कशाला हवा? ‘मोजणी’ आहे की घरचा शब्द.

पोथीवाचक:
अक्षर म्हणजे जे क्षरत नाही, झिजत नाही ते. ज्याचा उच्चार एका दमात होतो, ज्याचे तुकडे केले तर स्वतंत्र उच्चार उरत नाही, ते अक्षर. अभंगाच्या चरणात सहा अक्षरं म्हणतो तेव्हा ‘स्त्री’ला एकच धरतो. हा हिशेब शेकडो वर्षं चालत आला आहे, एका मोजयंत्रासाठी तो बिघडवू नये. गंमत अशी की ‘कॅरेक्टर’चं मूळ ग्रीकमध्ये आहे आणि तिथे अर्थ कोरलेली, ओरखडलेली खूण असा होतो. आपलं ‘खरडणं’ त्याचंच भावंड असणार असं मला फार वर्षं वाटतं. आवाज बघा ना: खर्, खर्. ‘कॅरेक्टर’ला ‘खरड’ म्हटलं तर मुळाशी जाऊन पोचतो.

पायमोडका:
काका, ग्रीक मूळ आणि कोरण्याचा अर्थ बरोबर आहे. पण दोन शब्दांचा आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. ‘खरखर’, ‘खरडणं’ हे आवाजावरून घडलेले वाटतात, असे शब्द कुठल्याही भाषेत उगवू शकतात. आणि ‘खरड’ शब्दाला आज कच्च्या, घाईच्या लिखाणाचा वास आहे.

पोथीवाचक:
वास आहे हे मान्य. नात्याचं मी सोडणार नाही.

शाईदौत:
‘कोरलेली खूण’वरून आठवलं. माझे मामा छापखान्यात खिळे जुळवायचे. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, ओळीत किती अक्षरं बसतात? म्हणाले, अक्षरं मोजायची नसतात, रुंदी मोजायची. ‘म’ जागा खातो, ‘र’ खात नाही. जोडाक्षराचा खिळा वेगळा, त्याची जाडी वेगळी. आज मी वेबसाइटसाठी मथळे लिहितो आणि मला तेच दिसतं. ‘मथळा ६० कॅरेक्टरांच्या आत ठेवा’ असं सगळीकडे सांगतात, पण गूगलच्या निकालांत मथळा कापला जातो तो मोजणीने नाही, पडद्यावरच्या रुंदीने. मराठीत मात्रा, उकार आणि अनुस्वार वर-खाली बसतात, आडवी जागा फारशी घेत नाहीत. त्यामुळे आकडा सत्तरवर गेला तरी मथळा पूर्ण दिसू शकतो. मी आधी झलक दाखवणाऱ्या साधनात टाकून बघतो, आकड्याकडे नंतर. वेलांटीताई, लेखात ही ओळ नक्की घाला. नाहीतर मराठी लिहिणारे उगाच चांगले शब्द कापत बसतील.

वेलांटी:
घालते. हे मूळ लेखात अजिबात नाही. शब्दाचं काय?

बोरू:
‘वर्णांक’ घडवू या. युनिकोडमध्ये क्रमांकच असतो ना? वर्णाचा अंक तो वर्णांक. ‘दिनांक’ही सावरकरांनी असाच घडवला, आज प्रत्येक अर्जावर आहे.

कानामात्रा:
अर्जावर आहे, तोंडात नाही. बोलताना तुम्हीही ‘आज तारीख काय’ असंच विचारता. नवा शब्द घडवायला माझी हरकत नाही, पण जो शब्द मेन्यूमध्ये वाचून माणूस थबकतो, तो त्या जागी नको. गूगल ट्रेंड्समध्ये ‘अक्षर’ आणि ‘वर्ण’ शेजारी टाकून बघा, लोक काय वापरतात ते कळेल.

पायमोडका:
ट्रेंड्स इथे पुरावा होत नाही. तिथला आलेख शून्य ते शंभरच्या पट्टीवर असतो, प्रत्यक्ष शोध किती झाले ते सांगत नाही. आणि लोक ‘अक्षर’ शोधतात ते सुंदर हस्ताक्षरासाठी, मुलांच्या अक्षरओळखीसाठी. ‘माझं अक्षर वाईट आहे’ यातलं अक्षर वेगळंच की.

बोरू:
म्हणजे एका शब्दावर आधीच तीन अर्थांचं ओझं आहे. चौथा कशाला लादायचा? माझा मुद्दा तोच आहे. मजकूर लिहिणाऱ्याला तरी नेमका शब्द हवा.

कानामात्रा:
आणि ‘मजकूर’ अरबी आहे, ‘जाहिरात’ही. दोन्ही आज पुरते आपले झाले. ‘कॅरेक्टर’ही होईल, वाट बघायची तयारी हवी.

रफार:
मोजणीचाच विषय निघालाय तर माझी खरी तक्रार शब्दसंख्येबद्दल आहे. एका ग्राहकाने ८०० शब्दांचा इंग्रजी लेख दिला. मराठीत आणला तर बराच कमी भरला, आणि मोबदला मराठी शब्दांवर ठरलेला. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घराबाहेरच्यांसाठी’ हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. हिंदीवाल्यांचंही नुकसान इतकं नाही, ते ‘के’, ‘लिए’ सुटे लिहितात. त्या दिवसापासून मी मूळ मजकुराच्या शब्दांवरच दर ठरवते.

शाईदौत:
रफारताई, हे प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी सांगायला हवं. माझेही असेच पैसे गेले आहेत.

पायमोडका:
वाचनीयता मोजणारी साधनंही तशीच फसतात. वाचनीयतेचे अभ्यासक रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारखंड मोजतं, आणि त्यातले ठरीव आकडे इंग्रजीसाठी बसवलेले आहेत. त्या हिशेबाने ‘घराबाहेरच्यांसाठी’ महाकठीण. इथे चौथीतलं मूलही तो सहज वाचतं.

पोथीवाचक:
उच्चारखंड! म्हणजे तिथे अक्षरच मोजतात. बघा, आपला शब्द कुठे नेमका बसतो ते.

वेलांटी:
मंडळी, लेख उद्या द्यायचा आहे. सध्या ‘चिन्हसंख्या’ लिहिते आहे. पण पायमोडका, एक सांगा. युनिकोडने २०२३ मध्ये नियम बदलला म्हणतात, त्याने आकडे बदलतील का?

पायमोडका:
१५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला. त्याआधी ‘स्त्री’चे तीन तुकडे पडायचे: स्, त्, री. नवा नियम पाळणारं साधन एकच म्हणेल, जुनं तीन, आणि नुसती चिन्हं मोजणारं सहा.

रफार:
थांबा, मग ‘दुसऱ्या’चं काय? मी आत्ता दोन कीबोर्डवर लिहून एकाच साधनात टाकला. एकीकडे ७ आले, दुसरीकडे ८. दिसायला दोन्ही अगदी सारखे आहेत.

पायमोडका:
जुन्या कीबोर्डवर अर्ध्या र नंतर एक न दिसणारी सांधणारी खूण पडते. आठवी ती.

बोरू:
मग जे दिसतच नाही त्याला ‘चिन्ह’ कसं म्हणणार?