सिंहगड: आई (७३) आणि मावशी (७०) यांना न्यायचंय, सल्ला द्या

पाऊसवेडी
मावशी नागपूरहून आली आहे. तिला आणि आईला सिंहगड दाखवायचाय. आई सपाटीवर काठी घेऊन नीट चालते, पायऱ्या मात्र दहा-पंधराच्या वर नकोत. आमच्याकडे गाडी नाही. सगळा मिळून खर्च दोन हजारांच्या आत. मावशीला धुकं हवंय, शिवाय वरून खडकवासल्याचं पाणीही दिसायला हवंय. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ. गाडीतळापासून पुढे किती चाल आहे? जायचं कसं? वार कोणता बरा?
कृपया 'ट्रेक करा' म्हणू नका.

घाटवाट
ट्रेक करा. आतकरवाडीतून निवांत दीड तास. माझे वडील ७६ व्या वर्षी काठीशिवाय चढले. गुडघे बसवून ठेवले की बसतात.

क्लचवाला
शनिवार-रविवार डोक्यातून काढून टाका. मागच्या पावसाळ्यात रविवारी गोळेवाडी नाक्यावर वनविभागाची पावती फाडली आणि वर पोचायला अडीच तास लागले. चढावर पाऊल-पाऊल गाडी. शेवटच्या वळणाआधी क्लचचा वास यायला लागला. टोइंगवाल्याने जे घेतले त्यात तुमची सहल दोनदा झाली असती. मधल्या वारी जा, सकाळी सातच्या आत नाका ओलांडा.

घाटवाट
@क्लचवाला म्हणूनच म्हणतो, चालत जा. पायांना क्लच नसतो.

साखरझोप
महाबळेश्वरला का नाही जात? आम्ही गेल्या वर्षी दोन रात्री राहिलो, दरीकडे तोंड असलेली खोली. गाडी थेट पॉइंटपर्यंत जाते. थोडे जास्त जातात, पण आईवडिलांसाठी हात आखडू नये.

पाऊसवेडी
@साखरझोप दोन हजार लिहिलंय हो.

साखरझोप
हो हो, वाचलं. म्हणून तर एक रात्र कमी करा म्हणणार होते.

गुडघेपुराण
माझे दोन्ही गुडघे बदललेत, त्यामुळे माझं ऐका. वरच्या गाडीतळापासून पुणे दरवाजाकडे जाणारी वाट दगडी पायऱ्यांची आणि चढाची. एकामागे एक तीन दरवाजे लागतात. दहा-पंधरा पायऱ्यांत भागत नाही, बऱ्याच आहेत. पावसात दगडावर शेवाळ असतं आणि उतरताना जास्त भीती वाटते. तीन दरवाजे संपले की वर बऱ्यापैकी सपाटी. टिळकांचा बंगला आणि राजाराम महाराजांची समाधी आईंना हळूहळू करता येईल. कल्याण दरवाजा सोडा, तिथे पुन्हा पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या.
मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा दरवाजापर्यंत गेलेच नाही. गाडीतळाच्या कडेला बसून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं, दरी तिथूनही दिसते. छत्री नेऊ नका, वारा उलटी करतो. दोघींना रेनकोट घ्या. आणि स्वच्छतागृहाचं काम खाली पायथ्यालाच उरका.

क्लचवाला
तेच म्हणतोय, मधल्या वारी जा.

बखरवाचक
तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचं दर्शन घ्या. १६७० साली ते पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे मावशींना सांगा.

तळटीप
नका सांगू. 'सिंहगड' हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रातही आहे. आणि घोरपडीची गोष्टही नको.

बखरवाचक
घोरपडीचं मी नावही काढलेलं नाही.

तळटीप
काढणार होतात.

बखरवाचक
लोकांच्या मनातलं वाचता तर गडावर कणसाचा गाडा टाका.

पाऊसवेडी
गड मनातच राहील अशानं. जायचं कसं, ते सांगा ना.

पासधारक
पीएमपीची ५० नंबर पायथ्यापर्यंत जाते, तिथून वर शेअर जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय ते चालकच ठरवतो. आईंना पुढची सीट आधीच मागून घ्या. २०२२ मध्ये घाटात इ-बस सुरू झाली होती, ती चालती तर हा धागाच लागला नसता. महिन्याच्या आत बंद.
तिघीच असाल तर घरापासून रिक्षा किंवा टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा, थांबण्याचे पैसे आधी बोलून. वरून परतीची गाडी मिळेल या भरवशावर राहू नका.

सातारारस्ता
खेड शिवापूरहून कोंढणपूरमार्गेही वर जाता येतं, हे कुणी बोललंच नाही. वर रस्ता एकच होतो, पण खालची गर्दी टळते. शिवाय पावसात दरड पडली की घाट बंद करतात, निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा.

धुकेकर
मूळ मुद्दा राहिलाच. धुकं आणि पाणी एका दिवशी मागताय. जुलैत मी चारदा गेलो, चारही वेळा समोरचा माणूस दिसेना, दूरदर्शनचा मनोरासुद्धा नाही. सप्टेंबर सरताना जा, राजगड-तोरणा ओळीने दिसतील.

गुडघेपुराण
मावशी सप्टेंबरपर्यंत थांबणार आहेत का?

घाटवाट
थांबल्या तर सराव होईल. मग आतकरवाडी.

साखरझोप
मधल्या वारी जा, सकाळी लवकर. गर्दी नसते.

क्लचवाला
:(

पाऊसवेडी
सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. भाच्याला रविवारीच सुट्टी असते आणि त्याच्या मित्राची गाडी फुकट मिळतेय, तेव्हा रविवार. सातला आई उठते पण मावशीची पूजा दहापर्यंत चालते, म्हणून साडेदहाला निघू. रेनकोट घेतले. पायऱ्यांचं ऐकून आई म्हणाली, "मी गाडीतच बसेन, तुम्ही या जाऊन." मावशी म्हणाली, मग मीही गाडीतच.

क्लचवाला
मग विचारलंत कशाला?

पासधारक
मित्राची गाडी कुठली आहे? क्लच नवा आहे का, तेवढं विचारून घ्या.

पाऊसवेडी
ऑटोमॅटिक आहे म्हणे.

क्लचवाला
ऑटोमॅटिकचं वेगळंच असतं. सविस्तर लिहितो, जरा थांबा.