साक्षीत ‘तारण कधी झालं?’ विचारणं थांबवूया का?

नगरवाला
आमच्या चर्चमध्ये संजीवन सभेत, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवायच्या सभेत, साक्षी होतात: आपलं तारण, पापातून सुटका, कशी झाली ते सांगायचं. एकेक जण उभा राहून साल, महिना, कधी कधी वेळसुद्धा सांगतो: तेव्हा प्रभू भेटला, तेव्हा व्यसन सुटलं. ज्यांचं खरंच सुटलं त्यांच्यापुढे हात जोडतो. पण संडे स्कूलमध्ये वाढलेल्या पोरांकडे अशी तारीख नसते. मग ती पोरं तारीख बनवतात, आणि आपण ‘हालेलुया’ म्हणतो.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेजला, बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. तो भेटल्याची खात्री पटायला मध्ये साताठ वर्षं गेली. आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधलं संजीवन त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1905 मध्ये. यातली कुठली तारीख खरी धरायची? मला वाटतं, मधली कोरडी वर्षंही कृपेचीच होती. बायबलमधल्या मार्कच्या 4थ्या अध्यायातला शेतकरी रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळतही नाही.

जक्कयाचा_शेजारी
उदाहरण तुमच्या विरोधात जातंय हो. काहीतरी कमी आहे हे रमाबाईंना कळलं, म्हणून तर त्या पुढे गेल्या. ‘हळूहळू होईल’ म्हणत बसल्या नाहीत.

लूक 19 वाचा. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय प्रभूला बघायला चढलेल्या झाडावरून उतरला आणि त्याच दिवशी अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट परत. प्रभू काय म्हणाला? ‘आज’ या घराला तारण प्राप्त झालं आहे. टप्प्याटप्प्याने नाही.

आणि खरं दुखणं सांगू? आपल्या लग्नाच्या जाहिराती. तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेली घरंही स्थळ बघताना मूळ जात विचारतात. पाळकांकडे तक्रार केली की उत्तर तयार: ‘वाढ व्हायला वेळ लागतो.’ शंभर वर्षं? ही वाढ नाही, हा चालढकलपणा आहे, आणि त्याला कृपेचं नाव देऊ नका.

वसईकर_मिस्सावाला
तुमचं प्रोटेस्टंटांचं हे भांडण बघायला मजा येते 😄 आम्हा कॅथलिकांकडे तारीख बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर असते आणि आम्ही तेव्हा झोळीत झोपलेलो असतो. माणूस नीतिमान ठरल्यावरही कृपेत वाढत राहतो, हे आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्येच मांडलंय. मिस्सा (उपासना), कुमसार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली), पुन्हा मिस्सा. दर वेळी तीच पापं सांगायची लाज वाटते, पण जातो.

जक्कयाचा_शेजारी
‘तीच पापं’ हाच माझा मुद्दा. आणि वाढीबरोबर कर्माचा हिशोब आलाच ना? इफिस 2:8-9 स्पष्ट आहे: कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही.

वसईकर_मिस्सावाला
त्यावर लुथरन (प्रोटेस्टंटांचाच एक पंथ) आणि कॅथलिकांनी 1999 मध्ये आउग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्यात: देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो, आपल्या गुणवत्तेवर नाही. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण एवढं मान्य झालं. तुम्ही अजून सोळाव्या शतकात. शिवाय 10व्या वचनापर्यंत वाचा, तिथे सत्कृत्यं आहेत.

नगरवाला
शेजारी, जातीचं अगदी मान्य. पण पौलाकडे बघा. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा माणूस, दमास्कसच्या वाटेवर प्रभू भेटला आणि क्षणात सगळं उलटलं, तारखेवाल्यांचा तो आवडता दाखला. तोच पौल पुढे प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये आधी साथ सोडून गेलेल्या योहान मार्कावरून आपल्या सोबत्याशी, बर्णबाशी, इतका भांडला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आणि 2 तीमथ्य 4:11 मध्ये म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. पौलाचं तारण दमास्कसला झालं असेल, त्याचा राग मात्र तिथे संपला नव्हता. फिलिप्पै 2:12 म्हणतं आपलं तारण साधून घ्या, आणि पुढचंच वचन म्हणतं की इच्छा आणि कृती दोन्ही देवच साधतो. तुम्ही 12वं धरता, मी 13वं.

तिळगूळ_ताई
लक्ष्मीबाई टिळकांना विसरलात दोघं. नवऱ्याचा, नारायण वामन टिळकांचा, बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधे ताटातूट, मग पुन्हा एकत्र संसार, तरी सोवळं चालूच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जात ही माणसाने केली, देवाने नाही, हे पुढे बाईंना स्वतःला पटलं आणि सोवळं सुटलं. ‘स्मृतिचित्रे’त सगळं आहे, हसतहसत वाचाल.

नगरवाला
बघा! पाच वर्षं.

जक्कयाचा_शेजारी
पाच वर्षं त्या विचार करत होत्या, आणि पटल्यावर एक दिवसही थांबल्या नाहीत. आपल्या लोकांना पटून जमाना झालाय. साक्षीतली तारीख हवी तर सोडतो. त्याऐवजी एवढंच विचारू: मागच्या संजीवन सभेनंतर घरात काय बदललं?

तिळगूळ_ताई
विचारा, पण उत्तर नवऱ्याकडून नको. बायकोला उभं करा.

वसईकर_मिस्सावाला
ताई, मग सभेला कोणी येणार नाही.