टाकी फुल असली की डिझेल ठिबकतं, अर्धी झाली की सकाळी स्टार्टिंगचा त्रास

जुनं_इंजिन:
नमस्कार मंडळी. ट्रक जुना आहे, साधा इनलाइन पंपवाला (इंजिनात प्रेशरने डिझेल सोडणारा मेन पंप), सेन्सर-बिन्सर काही नाही. महिनाभर झाला डिझेलचा वास येतोय आणि रात्री उभा केला की सकाळी खाली वाटीएवढा डाग. डागाच्या बरोबर वर फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) येतो म्हणून त्याचे तांब्याचे वायसर बदलले, फिल्टर बदलला, होज पाईपच्या क्लिपा आवळल्या, डाग आहे तसाच. गंमत अशी की टाकी फुल असेल तरच ठिबकतं. अर्ध्याच्या खाली गेली की जमीन कोरडी ठणठणीत, पण मग सकाळी पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारावा लागतो, चालू होतो, भुर्रर करून परत बंद पडतो, हँड प्रायमरने (हाताने डिझेल चढवायचा पंप) पंपिंग केलं की मग नीट. इंजिन चालू असताना एक थेंब दिसत नाही, खाली टॉर्च घेऊन झोपून बघितलंय. एक जण म्हणतो पंप गेलाय, उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून सेट करायला) टाक. उतरवायच्या आधी म्हटलं इथं विचारावं.

काळा_हात:
पंप उतरवू नका भाऊ, आधी इंजिन ऑईलची लेव्हल दाखवणारी दांडी बघा. लेव्हल आपोआप वर चढत असेल आणि ऑईलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचं किंवा मेन पंपाचं सील आतून गेलंय. लेव्हल बरोबर असेल तर पंपाला हात लावायचं कारण नाही. आणि डाग कुठं पडतो यावर जाऊ नका, डिझेल पाईपच्या अंगावरून घसरत घसरत दोन-दोन फूट पुढं जातं आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी थेंब सोडतं.

गिअर_पाचवा:
सोपं आहे, टाकीच्या झाकणातून कंप्रेसरची हवा सोडा, जिथून कारंजं उडेल तिथं लीक. दोन मिनिटांचं काम.

काळा_हात:
@गिअर_पाचवा अहो कंप्रेसर नको! टाकी म्हणजे टायर नाही, पत्र्याचा डबा आहे तो, थोड्याशा प्रेशरला फुगतो आणि जॉइंट उकलतो. मग एका लीकची दोन होतील.

लेव्हल_नळी:
उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, फक्त नीट वाचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ही ओढण्याची लाईन आहे, तिच्यात प्रेशर नसतं. इंजिन चालू असताना तिथं भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून तुम्हाला चालू गाडीवर थेंब दिसला नाही. गाडी उभी केली की मग टाकीतल्या डिझेलच्या पातळीचा खेळ सुरू होतो. भोक त्या पातळीच्या खाली असेल तर डिझेल बाहेर ठिबकणार, पातळीच्या वर असेल तर हवा आत शिरणार आणि पाईपमधलं डिझेल रात्रभरात हळूहळू टाकीत परत उतरणार, सकाळी पंप हवा चावत बसतो. म्हणजे तुमचे दोन प्रॉब्लेम नाहीत, एकच भोक आहे आणि ते ज्या उंचीला ठिबकणं थांबतं त्या उंचीला आहे!

आता असं करा. ट्रक सपाट जागेवर लावा, ठिबकणं थांबलं की टाकीत काठी घालून पातळी मोजा आणि टाकीच्या बाहेरून खडूने खूण करा. मग गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून ती खूण चेसीसवर पुढपर्यंत न्या. त्या रेषेच्या आसपास पाईप जिथं जिथं क्लिपमध्ये आवळलाय ती प्रत्येक क्लिप सोडा. नुसतं बघू नका, सोडा. क्लिपच्या रबराखाली चिखल-पाणी साठतं आणि पाईप तिथंच खातो, वरून रंग शाबूत दिसतो.

खात्री हवी असेल तर फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल-पाईप जोडून गाडी चालू करा, बुडबुडे पळताना दिसतील.

जुनं_इंजिन:
ऑईल लेव्हल ओके आहे, वास नाही. उद्या खूण करून बघतो. समजा सापडलं तर तेवढा तुकडा कापून रबरी होज आणि दोन क्लिपा चालतील ना?

गिअर_पाचवा:
चालतंय की, मी दोन वर्षं तसंच चालवलं.

काळा_हात:
घरापर्यंत यायला चालतं. कापलेल्या गुळगुळीत पाईपवर होज चढवला तर तो बाहेर गळणार नाही कदाचित, पण हवा घेत राहतो, पाईपच्या तोंडाला उंचवटा काढलेला असला तरच धरतो. होजही डिझेलचाच घ्या, रेडिएटरचा आतून फुगतो आणि त्याचे रबराचे तुकडे फिल्टरला येतात. माझं मत विचाराल तर एका ठिकाणी खाल्लाय म्हणजे बाकीच्या क्लिपांखालीही तेच चाललंय, अख्खा पाईप बदला. तांब्याचा टाकू नका, व्हायब्रेशनने कडक होऊन चिरतो. आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको, तिचे धागे पंपात जातात. जुनेच वायसर परत वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून गार करा, मऊ पडतात, पण नवे असतील तर नवेच टाका.

लेव्हल_नळी:
एक गोष्ट राहिली. हे सगळं लो प्रेशरचं बोलतोय. मेन पंपापासून नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे) जाणाऱ्या लोखंडी पाईपांना ओल दिसली तर चालू इंजिनवर हात फिरवून शोधू नका. जुन्या नोझलसुद्धा साधारण २०० बारला उघडतात, तिथली बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून सुई टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून बोट सडतं. पुठ्ठा धरून बघा. आणि कोणाला लागलंच तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. त्या पाईपांना जोड, डाग, सोल्डर काही चालत नाही, पाईपच बदलायचा.

जुनं_इंजिन:
सापडलं!! खुणेपासून दोन बोटं खाली, तिसरी क्लिप. डाग पडायचा तिथून चांगला चार फूट मागे. क्लिप सोडली तेव्हा आधी काहीच दिसेना, फडक्याने पुसलं तर फडक्याला गंजाची पापडी आली आणि पाईप घामेजल्यासारखा ओला झाला. अख्खा लोखंडी पाईप नवा टाकला, जोडायच्या आधी आतून डिझेल सोडून धुतला, कापतानाचा कीस बराच निघाला. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून प्रायमर मारला, आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार आल्यावर स्क्रू आवळला. तीन दिवस झाले, टाकी अर्ध्याच्या खाली आहे, सकाळी पहिल्या सेल्फला चालू. फुल टाकीवर अजून बघायचंय. जुना पाईप ठेवलाय, क्लिपखालची जागा नखाने दाबली तरी आत जाते.