सर्व्हिस मारणाऱ्यांना कुठेही उभं राहायची सूट: पटतंय का?

शिट्टीवाला
आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाच्या २०२५-२८ च्या नियमांत एक बदल आला आहे. सर्व्हिस मारताना चेंडूला हात लागतो त्या क्षणी सर्व्हिस करणारा संघ मैदानात कसाही उभा राहू शकतो. कोण कुणाच्या पुढे-मागे, डावी-उजवीकडे हा ठरलेला क्रम पाळायचा तो फक्त समोरच्यांनी. मला हे पटत नाही. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस मिळवली की सगळे एकेक जागा सरकतात; अशी सहा रोटेशन म्हणजे सहा वेगळ्या अडचणी. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, चार नंबरला (पुढे डावीकडे) आला की त्याला उजवीकडे कसं पोचवायचं, यातच संघाची तयारी दिसायची. आता निम्मा वेळ ती अडचणच उरली नाही.

लिफ्टर नं. २
अहो, ती अडचण होती किती? सर्व्हिसवाले तिघं जाळीपाशी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि चेंडूला हात लागला की आपापल्या जागी पळायचे. एका पावलाचं नाटक! त्यासाठी पहिल्या पंचाने सर्व्हरची रेषा, आठ सेकंद आणि बाकी पाच जणांचे पाय एकदम बघायचे? तुम्ही स्वतः पंचाच्या स्टँडवर उभे राहता. खरं सांगा, अशी शिट्टी वर्षात कितीदा वाजवलीत?

शिट्टीवाला
दोनदा-तीनदा. पण वाजू शकते या भीतीनेच संघ नीट उभे राहत होते ना!

मागची लाइन
माझं दुखणं वेगळं आहे. तालुक्याच्या स्पर्धेत २३-२३ वर आमच्यावर ओव्हरलॅप, म्हणजे जागांचा क्रम चुकल्याचा फॉल्ट, दिला. जागा डावीकडून पुढे चार-तीन-दोन, मागे पाच-सहा-एक. तीन नंबर जाळीला, सहा मधोमध, दोनला सर्व्हिस घ्यायला मागे ओढलेलं, एक त्याच्याही मागे. पंच म्हणाले, सहा दोनच्या पुढे आहे. अरे, पण सहाची गाठ पुढे तीनशी, बाजूला पाच आणि एकशी! दोनशी त्याचा संबंधच काय? कॅप्टन समजावत राहिला, पॉइंट गेला तो गेलाच. पंचांनाच जो नियम उमगत नाही तो अर्धा काढला हे बरंच झालं. उरलेलाही काढा.

शिट्टीवाला
तो निर्णय साफ चुकीचा होता, मान्य. मागचा खेळाडू पुढच्याच्या पुढल्या पावलाशी बरोबरीत असला तरी चालतं, हेही कित्येकांना ठाऊक नसतं. पण पंच कच्चा म्हणून नियम काढायचा? मग डबल टचही (एकानेच लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावण्याचा फॉल्ट) काढा की राव.

गावठी स्मॅश
मी मागच्या लाइनीच्या बाजूने. आमच्या पारावरच्या मैदानात उंच पोरगा कायम जाळीला आणि बुटका कायम मागे. मजा येते, भांडण नाही.

लिफ्टर नं. २
नाही हो, इथे मी शिट्टीवाल्या काकांसोबत. सगळंच मोकळं सोडलं तर एका उंच पोरावर सामने निघतील. रोटेशनचा गाभा पुढची-मागची फळी आहे आणि तो नव्या नियमातही शाबूत आहे. मागच्या फळीतला गडी जाळीला उभा राहिला तरी त्याला ब्लॉक करता येत नाही. जाळीपासून तीन मीटरच्या आत पाय ठेवून जाळीपेक्षा पूर्ण वरचा चेंडू त्याने पलीकडे मारला तर फॉल्टच. सर्व्हिसचा क्रमही तोच. मोकळं झालंय ते फक्त उभं राहणं.

शिट्टीवाला
म्हणजे मला आता पाय नाही, कोण पुढच्या फळीतला हे डोक्यात ठेवायचं. काम कमी कुठे झालं? आधी जागेवरून तरी कळायचं.

लिफ्टर नं. २
हा मुद्दा मात्र खरा. खास करून लिफ्टर मागच्या फळीत असून जाळीला उभा असेल तेव्हा.

मागची लाइन
आणि समोरच्याची सर्व्हिस जाळीत गेली, त्याच वेळी आमचा ओव्हरलॅप झाला, तर पॉइंट कुणाचा?

शिट्टीवाला
त्यांचा. ओव्हरलॅप चेंडूला हात लागतानाच झाला, जाळीची चूक नंतरची. मारतानाच सर्व्हरचा पाय रेषेवर असता तर तुम्हाला मिळाला असता.

गावठी स्मॅश
बघा, म्हणूनच आम्ही पारावर खेळतो.