प्रतिसाद: वीस जणांच्या ऑफिसला ईपीएबीएक्स की आयपी फोन?
वीस जणांसाठी जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) ठेवावा की आयपी फोन (इंटरनेटच्या जाळ्यावर चालणारे) घ्यावेत, हा प्रश्न बँडविड्थवर अडत नाही. जी.७११ कोडेकवर (आवाजाचं डिजिटल रूपांतर करण्याची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ९० केबीपीएस लागतात. एकाच वेळी आठ कॉल चालले तरी ७२० केबीपीएस, म्हणजे एक एमबीपीएसही नाही.

खरी डोकेदुखी राउटरची. त्यातलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलचे संदेश वाटेत बदलणारी राउटरची सोय) चालू राहिलं की आवाज एकाच बाजूला ऐकू येतो, किंवा उचललेला कॉल ३२ सेकंदांनी तुटतो, कारण कॉल उचलल्याची पोच सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. ते आधी बंद करा.

शिवाय पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा), राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो डबा), तिन्ही यूपीएसवर हवेत. एक जरी राहिलं तरी वीज जाताच सगळे फोन मुके. लिफ्टमधल्या फोनसाठी मात्र एक अ‍ॅनालॉग (जुनी तांब्याच्या तारेची) लाइन ठेवाच.