माचू पिचू आणि गॅलापागोस एकाच फेरीत, आई-बाबांना घेऊन?

सोमवार रात्री, ह्यूस्टनहून

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून येतायत. शाळा सुटल्या की जूनमध्ये आम्ही सहा जणांनी पेरू आणि इक्वेडोरला जायचं मनात आहे. बाबांना कधीपासून पेरूतल्या माचू पिचूला इंकांचे, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांचे, दगडी वाडे बघायचेत आणि धाकटीला इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवरची कासवं. बाबा ७१ वर्षांचे, आई ६७ची. आईचे गुडघे दुखतात, पण सावकाश चालते.

एका ट्रॅव्हल एजंटने दहा दिवसांत दोन्ही बसवून दिलंय. पहिल्या दिवशी लिमाहून थेट कुस्को, दुसऱ्या दिवशी माचू पिचू, मग विमानाने बेटांवर आणि चार रात्री बोट. मला जास्तीत जास्त सोळा दिवस सुट्टी मिळेल. आधी डोंगर की आधी बेटं? आणि सोळा-वीस माणसांची छोटी बोट आई-बाबांना झेपेल का? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मंगळवार, ऑस्टिनहून

नमस्कार,

आम्ही सासूबाईंना घेऊन हीच फेरी केली, त्या तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

तो दहा दिवसांचा बेत घेऊ नका. कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि लिमा समुद्रकाठी. सकाळी समुद्रावर आणि दुपारी एवढ्या उंचीवर, हे तरुण माणसालाही जड जातं. आमच्या बेतातही पहिला मुक्काम कुस्कोच होता. ह्यांचं डोकं रात्रभर ठणकत होतं, उलट्या झाल्या, दोन दिवस खोलीत गेले आणि कुस्को बघायचं राहूनच गेलं. त्या दोन दिवसांची हळहळ मला अजून आहे.

कुस्कोला विमानातून उतरलात की तिथे थांबू नका, गाडी करून सरळ खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जा. तिथलं ओलांतायताम्बो गाव साधारण २,८०० मीटरवर आहे. तिथे तीन रात्री राहा. पहिल्या दिवशी नुसतं बसा, पाणी प्या, हलकं जेवा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या आई-बाबांच्या बाकीच्या औषधांबरोबर चालतील का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. माचू पिचू त्याहूनही खाली, २,४३० मीटरवर आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. ते झाल्यावर शेवटी दोन दिवस कुस्को. तोवर अंगाला सवय झालेली असते.

ओलांतायताम्बोला लोक आगगाडी पकडण्यापुरते थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. वरच्या देवळाच्या ठिकाणी सहा प्रचंड गुलाबी शिळा एका रांगेत उभ्या आहेत. त्यांची खाण नदीच्या पलीकडच्या डोंगरावर. चाक नाही, लोखंड नाही, आणि तिथून त्या शिळा नदी ओलांडून इथवर चढवल्या. सासूबाई वर चढल्या नाहीत. त्या खाली गावातच दगडी पाटाशी बसल्या. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांतून पाण्याचे पाट आजही वाहतात आणि घरांत माणसं राहतात. आम्ही तासाभराने खाली आलो तर त्या म्हणाल्या, "तुम्ही पडकं बघून आलात, मी नांदतं बघितलं." बाबांना वरच्या शिळा दाखवाच, पण आईंना या गल्ल्यांत बसू द्या.

माचू पिचूची तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि मार्गही ठरलेला. आता तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला वरून देखावा दाखवतो, दुसऱ्यात जवळजवळ सगळं येतं, तिसरा खालच्या भागातून जातो आणि त्यात चढ कमी. आईंसाठी तिसरा घ्या. आत गेल्यावर मार्ग बदलता येत नाही आणि आत स्वच्छतागृह नाही, म्हणून दारातच उरकून घ्या. तिकिटावर नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्या आई-बाबांच्या पासपोर्टवर मधलं नाव कधी पुढे जोडलेलं असतं, कधी सुटं. ते आधीच ताडून बघा.

आणि तिथे भिंतींइतकंच पाण्याकडे लक्ष द्या. झऱ्याचं पाणी दगडी पाटाने आणून एकाखाली एक सोळा कुंडांतून उतरवलंय. शेतीच्या पायऱ्यांत वर माती, त्याखाली वाळू-खडी, तळाशी मोठे दगड, म्हणजे पाऊस मुरून निघून जातो आणि डोंगर खचत नाही. पाचाकुती राजाच्या काळात, १४५०च्या सुमारास हे बांधलं. आपण उभे असतो त्या हिरवळीखालीच खरं कसब आहे.

आता बेटं. आधी डोंगर, मग समुद्र, हाच क्रम ठेवा. डोंगरात पाय आणि श्वास दोन्ही लागतात, बोटीवर अंथरूण एकदाच घालायचं असतं. रात्री बोट चालते आणि सकाळी डोळे उघडावेत तर समोर दुसरं बेट. तुमच्यात कुणी पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खोल बुडी मारणार असेल तर हा क्रम हवाच, कारण खोल पाण्यातून वर आल्यावर लगेच विमानात किंवा उंचीवर जाता येत नाही.

बेटांची विमानं क्विटो किंवा ग्वायाकिलहून जातात. क्विटोही २,८५० मीटरवर आहे, म्हणून मी ग्वायाकिल म्हणेन. समुद्रसपाटीला एक रात्र झोप मिळते. बोट सुटायच्या आदल्या दिवशी तरी तिथे पोचा. विमान चुकलं तर बोट थांबत नाही.

छोटी बोट झेपेल का, तर झेपेल, दोन गोष्टी सांभाळल्या तर. एक म्हणजे किनाऱ्यावर उतरणं. हवेच्या रबरी होडीतून, तिला तिथे पांगा म्हणतात, कधी धक्क्यावर पाय ठेवायचा असतो, तर कधी गुडघाभर पाण्यात उडी. नाविक हाताला धरतात. खडकाळ चढाच्या दिवशी आईंनी पांगातूनच किनारा बघावा. कड्यावरचे पक्षी आणि खडकावरचे काळे सागरी इग्वाना, म्हणजे मोठे सरडे, होडीतूनही दिसतात. दुसरी गोष्ट बोट लागणं. जूनपासून समुद्र गार आणि जरा उसळता असतो. दोन सांगाड्यांची कॅटमरान आणि मधली, खालच्या मजल्यावरची खोली मागा. पोहायला वेटसूट, म्हणजे ऊब देणारा रबरी पोशाख, लागेल. विषुववृत्त असलं तरी दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाहाचं थंड पाणी येतं, त्याच पाण्यामुळे तिथे पेंग्विनही राहतात.

बोटीची निवड करताना सजावट बघू नका, बेटांची यादी बघा. जूनमध्ये जाताय तर एस्पान्योला बेट यादीत हवंच. तिथे एप्रिल ते डिसेंबर मोठे अल्बट्रॉस पक्षी असतात आणि चोचीला चोच आपटून त्यांचं लग्न जुळवणं चालतं. आमच्यापासून चार हातांवर ते सगळं चाललं होतं आणि आम्ही आहोत याची त्यांना फिकीरच नव्हती. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम आहे, पण समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःच तुमच्याकडे येतं, आणि मग मागे सरायचं आपणच. धाकटीला हे आधी समजावून सांगा.

दिवसांचं गणित असं: लिमा एक रात्र, खोरं तीन, माचू पिचूच्या पायथ्याशी एक, कुस्को दोन, ग्वायाकिल एक, बोट पाच. उरलेले दिवस विमानांत जातात. २४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा, म्हणजे इंकांच्या सूर्यदेवाचा, उत्सव असतो. बघायचा असेल तर खोल्या आत्ताच घ्या, नसेल तर ते दिवस टाळा.

मंगळवार संध्याकाळी, क्लीव्हलँडहून

सप्रेम नमस्कार,

वरच्या पत्रातलं सगळं पटलं. माझी एक वेगळी सूचना, कारण इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला.

बाबांना इंका बघायचेत आणि डोंगराची दगदग नको असेल, तर पेरूला न जाता इक्वेडोरमध्येच इंका बघता येतात. क्वेन्का शहर म्हणजे इंकांचं जुनं शहर तोमेबाम्बा. तिथून दोनेक तासांवर इंगापिर्का आहे. तिथल्या मूळच्या कान्यारी लोकांच्या पवित्र जागेवर इंकांनी लंबगोल सूर्यमंदिर बांधलं. पाहुण्यांची गर्दी माचू पिचूच्या मानाने काहीच नाही. क्वेन्का साधारण २,५५० मीटरवर आहे, पण ग्वायाकिलहून जाणारा काहासचा घाट ४,००० मीटरच्या वर चढतो, तिथे गाडी फार वेळ थांबवू नका.

आणि इंकांचा मुलूख आणि गॅलापागोस ही दोन ठिकाणं जोडणं कृत्रिम आहे असं समजू नका. १५३३ मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोने इंका सम्राट अताहुआल्पाला मारलं, मग लुटीच्या वाटपावरून पिझारो आणि त्याचा साथीदार अल्माग्रो यांच्यात वाद पेटला. तो मिटवायला पनामाचे बिशप तोमास दे बर्लांगा १५३५ मध्ये जहाजाने पेरूकडे निघाले. वारा पडला, प्रवाहाने जहाज भरकटलं आणि ते गॅलापागोस बेटांना लागलं. पाणी सापडेना तेव्हा त्यांनी निवडुंग चावून तहान भागवली. पाठीवर माणूस वाहून नेतील अशा कासवांबद्दल त्यांनी राजाला पत्रात लिहिलं. बेटांचं पहिलं लेखी वर्णन ते हेच, डार्विनच्या पूर्ण ३०० वर्षं आधीचं. इंकांचं राज्य बुडालं नसतं तर ते जहाज तिकडे निघालंच नसतं. बाबांना बोटीवर ही गोष्ट जरूर सांगा.

बुधवार, फिनिक्सहून

एक महत्त्वाचं. पेरू आणि इक्वेडोर दोन्ही देश पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत आई-बाबा भारतात उतरणार असतील तर लसीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. साठीनंतर ही लस जपूनच देतात, तेव्हा डॉक्टरांशी नीट बोला. माझा सल्ला असा की फेरीनंतर त्यांना ह्यूस्टनला निदान पंधरवडा ठेवून घ्या आणि मगच पुण्याला पाठवा. भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगवेगळे आहेत, ते वकिलातींकडूनच लेखी घ्या.

बुधवार रात्री, ह्यूस्टनहून

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांचा बेत रद्द केला. इंगापिर्काची गोष्ट बाबांना फोनवर वाचून दाखवली, पण ते म्हणाले माचू पिचू सोडवत नाही. त्यामुळे ऑस्टिनच्या ताईंच्या गणितानेच जातोय, आणि परत आल्यावर आई-बाबा जुलैअखेरपर्यंत इथेच राहतील.

एकच राहिलं. आईची संकष्टी बोटीवर येतेय. तिला उपवासाचं काय मिळेल? साबुदाणा सोबत न्यावा का?

गुरुवार, ऑस्टिनहून

बेटांवर ताजी फळं, बी-बियाणं, माती लागलेले बूट काही चालत नाही. सामान विमानतळावर तपासतात, आणि ते योग्यच आहे, बाहेरच्या एका बीने तिथली झाडं मरू शकतात. म्हणून कच्चं काही नेऊच नका. आईंना सांगा, बटाटा मूळचा अँडीजचा. शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तो कंदही त्याच खंडातला. त्या कंदाला तिथे युका म्हणतात. बोटीच्या स्वयंपाक्याला आठवडाभर आधी कळवा: उकडलेला युका, बटाटा, भाजलेले दाणे, फळं, आणि मीठ वेगळं. सैंधव आईंनी बरोबर घ्यावं. आमच्या बोटीवर त्यांनी आनंदाने करून दिलं होतं.

चंद्रोदयाची वेळ पंचांगातली धरू नका, बेटांची वेगळी असेल, कप्तानाला विचारा. जूनमध्ये आभाळ भरलेलं असतं. नसलं तर आईंना वरच्या डेकवर पूर्वेच्या बाजूला खुर्ची टाकून द्या. तिकडे ना इमारत ना डोंगर, चंद्र सरळ पाण्यातून वर येतो.