अफिलिएटेड इव्हेंटिंगच्या एन्ट्र्या आटल्या: महागाई, चिखल, की आपणच?

तबेल्यातली_आई

परवा घोडेस्वारीच्या एका स्पर्धेच्या आयोजकांची ईमेल आली. बीई ९० या पातळीचे दोन सेक्शन (स्पर्धकांचे गट) ठेवले होते, आता एकच होणार, एन्ट्र्या पुरेशा नाहीत, मुदत बुधवारपर्यंत वाढवली आहे. या मोसमातली अशी तिसरी ईमेल. आमच्या यार्डची (तबेल्याची) मालकीण हसली. म्हणाली, एकेकाळी बॅलटच्या तारखेच्या आत एन्ट्री पोचली नाही तर घरी बसायचं. जास्त अर्ज आले की चिठ्ठ्या काढल्यासारखी काही नावं गळायची. आता आयोजकच दारोदार फिरतात.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन परीक्षा: ड्रेसाज (शिस्तबद्ध चाली), शो जंपिंग (रिंगणातल्या उड्या), क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानात पक्क्या अडथळ्यांवरून दौड). इथे ब्रिटनमध्ये ब्रिटिश इव्हेंटिंग ही त्याची संस्था. तिच्या स्पर्धा त्या अफिलिएटेड. स्वाराचं सभासदत्व वेगळं, घोड्याची नोंदणी वेगळी. बीई ८०, ९०, १०० म्हणजे साधारण तितक्या सेंटिमीटरच्या उड्या, त्यावर नॉव्हिस, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड. याबाहेर कुणीही भरवतो त्या अनअफिलिएटेड, बोलीभाषेत ‘अनअफ’.

माझी लेक सोळाची, घोडी ‘हँड’ या घोड्यांच्या मापात पंधरा-दोन उंचीची, स्वभावाने शहाणी. गेल्या मोसमात एका रविवारचा खर्च मी वहीत मांडला. एन्ट्री आणि स्टार्ट फी मिळून शंभर पौंडांच्या आसपास. लॉरीचं डिझेल. नालांना स्टड (घसरू नये म्हणून खिळे) लावायचे म्हणून नालबंदाचे जास्तीचे. आदल्या आठवड्याचा जंपिंगचा धडा. बदल्यात ड्रेसाज पाच मिनिटं, शो जंपिंग दीड मिनिट, क्रॉस कंट्री मिनिटाला ४५० मीटरने जेमतेम पाच मिनिटं. एकूण बारा मिनिटं! त्याच मैदानात, त्याच फेन्सवर (उड्यांच्या अडथळ्यांवर), पंधरा दिवसांनी अनअफ असतं ते साठेक पौंडांत. पोरीला अफिलिएटेडमध्ये मिळणाऱ्या पॉइंटांचं लोणचं घालायचंय का? मग अफिलिएटेड का करायचं, हा साधा प्रश्न आहे.

माझं मत: संस्थेने वरच्या दहा टक्क्यांसाठी खेळ रचला आणि बिल खालच्या नव्वदांना पाठवलं.

---

फेन्स_नं_११

ताई, ‘दहा टक्के, नव्वद टक्के’ हे आकडे कुठून काढले ते राहू द्या. बारा मिनिटांचा हिशेब मात्र मुळातच चुकलाय.

मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ग्लॉस्टरशायरमध्ये फेन्स जज म्हणून, म्हणजे एका अडथळ्यापाशी निकाल नोंदवायला, बसतो. फुकट. सकाळी सातच्या सुमारास ब्रीफिंग, हातात वॉकीटॉकी, शिट्टी, स्टॉपवॉच, गुणपत्रिका आणि कागदी पिशवीत सँडविच. बायको घरून थालीपीठ देते, कारण ते सँडविच माणसाने खाण्यासारखं नसतं. गाडी फेन्सपासून ठरावीक अंतरावर लावायची आणि संध्याकाळपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी एक घोडा बघायचा. घोड्याने उडीला नकार दिला की २० दंडगुण, त्याच फेन्सवर दुसऱ्यांदा दिला की आणखी ४०. हे एवढंच आमचं काम, असं लोकांना वाटतं.

मागल्या वर्षी माझ्या समोर एक मुलगी ट्रॅकेनरवर पडली. (खड्ड्यावर आडवा ओंडका असतो तो. घोडा ओंडका बघायचा सोडून खड्डा बघतो.) घोड्याचे पुढचे पाय लागले, ओंडक्याची पिन (जोराचा मार बसला की मुद्दाम मोडणारी) तुटली, ओंडका खाली आला आणि घोडा कोलांटी न खाता गुडघ्यांवर येऊन उठला. मुलगी बाजूला चिखलात. मी वॉकीटॉकीवर बोललो, पुढचा घोडा अडवला गेला, आणि डॉक्टरची गाडी गवतातून येताना दिसली तेव्हा माझं वाक्यही पुरं झालं नव्हतं. कॉलरबोन मोडलं, बाकी काही नाही. तिच्या एन्ट्रीत ती पिन होती, ती गाडी होती, गाडीतला डॉक्टर होता, पशुवैद्य होता आणि घोड्यांची ॲम्ब्युलन्सही होती, जी त्या दिवशी लागलीच नाही.

१९९९ च्या एकाच मोसमात ब्रिटनमध्ये पाच स्वार गेले. मोडणाऱ्या पिना त्यानंतर आल्या. आणि तुमचं साठ पौंडांचं अनअफ ज्या फेन्सवर उड्या मारतं, त्या उभारल्या कुणाच्या पैशांनी? अफिलिएटेडच्याच. उद्या ती बंद पडली की तुमचा स्वस्त रविवारही दोन-चार वर्षांत संपला म्हणून समजा. लाकूड कुजतं हो.

---

बिनघोड्याचा

मला एवढंच कळलं की बारा मिनिटांसाठी शंभर पौंड देणाऱ्यांचा महागाईवर धागा आहे. चालू द्या. 😄

---

तबेल्यातली_आई

@बिनघोड्याचा, टोमणा मान्य. पण घोडी आमची नाही, लोनवर आहे. बँकेच्या लोनवर नव्हे! मालकीण दुसरी, चंदी-वैरण आणि नालबंद आमचे, स्वारी पोरीची. मी आणि नवरा दोघं आयटीत, सुट्टीत भारतात जायचं एक वर्षाआड केलंय. श्रीमंत लोक इथे वेगळे असतात, त्यांच्या लॉरीत स्वयंपाकघर असतं.

@फेन्स_नं_११, ट्रॅकेनरचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. डॉक्टर आणि पिनांचे पैसे मी आनंदाने देईन. माझी तक्रार बाकीच्याबद्दल आहे. गेल्या एप्रिलमध्ये एक स्पर्धा आदल्या संध्याकाळी पावसाने रद्द झाली. नाव लिहीत नाही. एन्ट्रीतले निम्म्याहून कमी परत आले, तेही सात आठवड्यांनी. त्या सात आठवड्यांत पुढच्या तीन स्पर्धांच्या मुदती गेल्या. पैसे अडकलेले असताना चौथीकडे कोण बघतंय?

---

जुना_घोडेस्वार_पुणे

आमच्या वेळी या खेळाला ‘थ्री-डे’ म्हणत, जर्मन लोक ‘मिलिटरी’ म्हणत. नावातच सगळं आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आला तो घोडदळाच्या अफसरांची परीक्षा म्हणून. पुढे क्रम रुळला तो असा: पहिल्या दिवशी परेडवरची शिस्त, दुसऱ्या दिवशी दौडीची ताकद, तिसऱ्या दिवशी घोडा अजून कामाचा उरलाय का ते बघायचं. बायकांना ऑलिंपिकात यात उतरायला १९६४ उजाडलं. जुन्या पद्धतीत क्रॉस कंट्रीच्या आधी रोड्स अँड ट्रॅक्स (लांब रपेट) आणि स्टीपलचेस (भरधाव उड्या) असे, घोडा तासाभराहून जास्त मैदानात. २००४ च्या अथेन्सला ते काढलं. आता सगळं आखूड, सुटसुटीत, तरी लोक येत नाहीत म्हणता?

आणि एक. ब्रिटनने टोकियोत सांघिक सुवर्ण घेतलं, पॅरिसमध्ये परत घेतलं. वर दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि खाली सेक्शन रिकामे, हे एकाच वेळी होऊ शकतं. पदकं बघून पायाची तब्येत ठरवू नये. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडला रघुबीर सिंगांनी वैयक्तिक सुवर्ण घेतलं, संघानेही घेतलं. त्यानंतर वैयक्तिक पदक थेट २०१८ ला, फौआद मिर्झाचं रौप्य. मधली वर्षं मोजा. आणि फौआदला त्यासाठी जर्मनीत जाऊन राहावं लागलं, कारण इथे मिळतील त्या स्पर्धा बहुतेक फौजेच्या, आणि इथला घोडा रोगांच्या नियमांमुळे युरोपात नेणं जवळजवळ अशक्य होतं. तुमच्याकडे घराबाहेर अर्ध्या तासावर स्पर्धा आहे आणि तुम्ही एन्ट्री भरत नाही. आमच्या पोरांना हे सांगितलं तर ती खोगीर घेऊन मागे लागतील.

---

परळचा_पशुवैद्य

सर, आदर आहे, पण ‘आखूड झालं तरी येत नाहीत’ यात एक गोष्ट निसटते. फौजेचा घोडा सरकारचा. लंगडला तर तबेल्यात दुसरा उभा असतो.

मी परळच्या कॉलेजातून निघालो, गेली अकरा वर्षं इथे घोड्यांची प्रॅक्टिस करतो. सोमवारी माझ्याकडे कोण येतं बघा. व्यावसायिक स्वार आठ-दहा घोडे घेऊन स्पर्धेला जातो, एक दुखावला तर सात उरतात. ‘तबेल्यातली_आई’सारख्यांकडे एकच घोडी. पुढच्या पायाच्या मागच्या टेंडनला (कंडरेला) मार बसला की नऊ महिने ते वर्ष गेलं, आधी हाताने चालवणं, मग स्वारीत चालणं, मग मिनिटं मोजून ट्रॉट (दुडकी चाल). पोरगी तोवर परीक्षांत, मग युनिव्हर्सिटीत. त्या घरातला इव्हेंटिंगचा अध्याय तिथेच संपतो.

२०२४ चा वसंत आठवा. मार्च-एप्रिलमध्ये स्पर्धांमागून स्पर्धा पाण्यात गेल्या. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात जमीन विटेसारखी झाली होती. दोन्हींत टेंडन जातं, एकात ओढून, दुसऱ्यात आपटून. म्हणून लोक गुरुवारपर्यंत फोनवर हवामान बघत बसतात, कुणीतरी मैदानात जाऊन टाच रुतवून फोटो पाठवतो, आणि मग ठरतं. माझ्या मते एन्ट्र्या घटल्यात त्यापेक्षा जास्त त्या उशिरा येतात. लोकांना कंजूष म्हणू नका. ते घाबरलेत, आणि बरोबर घाबरलेत.

---

फेन्स_नं_११

डॉक्टर, बरोबर बोललात, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आयोजकाची बाजू ऐका. बहुतेक जागी तो शेतकरी असतो नाहीतर त्याची बायको. संडास, तंबू, वैद्यकीय पथक हे आठवडे आधी ठरतं. जमीन कडक असेल तर भुसभुशीत करायचं यंत्र फिरवायचं, त्याचं डिझेल. मुदतीच्या दिवशी हातात ऐंशी एन्ट्र्या असल्या तर तो काय करणार? एक सेक्शन कापणार, किंवा स्पर्धाच. कापली की परत तुम्हीच म्हणणार, बघा, यांचा भरवसा नाही! आणि पुढच्या वेळी आणखी उशिरा भरणार.

गॅटकोम घ्या. प्रिन्सेस ॲन यांच्या इस्टेटीवर १९८३ पासून चालत होतं, ऑगस्टातला ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटिश इव्हेंटिंग’ तिथे भरायचा. २०२३ चा शेवटचा ठरला, खर्च पेलेना म्हणून. राजघराण्याच्या कुरणावर जमत नाही तिथे वॉरिकशायरच्या शेतकऱ्याने कशाच्या जोरावर करायचं? त्यात शेतजमिनीवरच्या वारसा कराची धास्ती. माझ्या ओळखीच्या एकाने सरळ सांगितलं, चार दिवसांच्या घोड्यांसाठी वर्षभर ते कुरण अडवून ठेवण्यापेक्षा मेंढ्या परवडतात.

राहता राहिलं परताव्याचं. पाऊस पडला म्हणून संडासवाला पैसे परत देत नाही.

---

तबेल्यातली_आई

संडासवाल्याचं पटलं. पण काका, पावसाची सगळी जोखीम माझ्यावर आणि उशिरा भरल्याचा दोषही माझ्यावर, असं दोन्हीकडून कसं? लवकर भरणाऱ्याला काहीतरी द्या ना. मुदतीच्या दोन आठवडे आधी भरलं तर स्पर्धा रद्द झाल्यास जवळजवळ पूर्ण पैसे पुढच्या स्पर्धेत वळते, शेवटच्या आठवड्यात भरलं तर काही नाही. पैसे खेळाबाहेर जातच नाहीत.

---

फेन्स_नं_११

‘पुढच्या स्पर्धेत’ म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्याकडे. या शेतकऱ्याचं मैदान भिजलं, संडासाचे पैसे याने भरले, आणि तुमची एन्ट्री गेली त्याच्याकडे. याला काय मिळालं?

---

परळचा_पशुवैद्य

मधला फरक संस्थेने सभासदत्वाच्या पैशांतून भरावा. नाहीतरी सभासद कमी होत गेले तर ते पैसे तसेही जाणार आहेत.

---

जुना_घोडेस्वार_पुणे

एक विचारतो. पॉइंटांची खरंच कुणाला पर्वा नाही का?

---

तबेल्यातली_आई

वर जाणाऱ्यांना आहे सर. आंतरराष्ट्रीय पातळीवर उतरायचं तर अफिलिएटेडमधले निकाल लागतात, अनअफचे चालत नाहीत. आमच्यासारख्यांना एकच गाजर खरं वाटतं, बॅडमिंटनची (तो खेळ नव्हे, इस्टेटीचं नाव) ग्रासरूट्स. बीई ९० आणि १०० वाल्यांची अंतिम फेरी, मे महिन्यात, बॅडमिंटन इस्टेटीवर, जिथे त्याच आठवड्यात जगातले सगळ्यात मोठे स्वार असतात. लेकीच्या खोलीत तिथल्या क्रॉस कंट्रीतल्या तळ्याचा फोटो आहे. तिथे अनअफमधून पोचता येत नाही, आणि हे तिला माझ्याआधी कळलं होतं. मी वर ‘पॉइंटांचं लोणचं’ लिहिलं ते तिला वाचून दाखवलं तर दार आपटून गेली.

---

बिनघोड्याचा

आता खरी गोष्ट बाहेर आली.

---

फेन्स_नं_११

लेकीला माझा नमस्कार सांगा. पात्र होण्यासाठी निकाल कुठले लागतात ते तिला विचारा आणि त्याप्रमाणे भरा. बुधवारची मुदत आहे म्हणालात ना?

---

तबेल्यातली_आई

काका, तुम्ही मला विकताय. मत बदललेलं नाही: फी जास्त आहे, परतावा वाईट आहे. जूनमध्ये एक अफिलिएटेड, जुलैत दोन अनअफ, असंच आमचं राहणार. बुधवारची भरते. आत्ता हवामानात शनिवारी रात्री आठ मिलिमीटर दाखवतंय, म्हणून मंगळवारी रात्री भरते.

---

फेन्स_नं_११

मंगळवारी रात्री! आणि वर मला विचारता, आयोजक सेक्शन का कापतात.

बरं, फेन्स जज कमी आहेत त्या दिवशी. पोरगी घोडी तयार करेल तोवर तुम्ही दुपारपर्यंत बसाल का? मोबदला नाही. थालीपीठ आहे.